एचआयव्हीची भीती बसलीये? पहिल्या तासापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत काय काय करायचं

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यात तोच एक विषय. जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर लक्षणं शोधत बसायचं, आणि सांगायचं तर कोणाला, घरी तर शक्यच नाही. मी स्वतः यातून गेलोय, माझे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह येऊन आता बराच काळ झाला, आणि नंतर ओळखीतल्या काही जणांसोबत दवाखान्यात गेलोय त्यामुळे माणूस नेमका कुठे अडकतो ते जवळून बघितलंय. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय डॉक्टरच घेणार, पण दारापर्यंत कसं पोचायचं आणि तिथे काय बोलायचं हे मी नक्की सांगू शकतो.

सुरुवातीलाच सांगतो, यात आधी घड्याळ महत्त्वाचं आणि मग कॅलेंडर. बाकी मनात जे काय चाललेलं असतं त्याने रिपोर्ट बदलत नाही.

१. तारीख आणि वेळ लिहून ठेवा

अगदी आत्ता, मोबाईलमध्ये. कधी झालं, कुठल्या प्रकारचा संबंध होता, कंडोम होता का, फाटला तर कधी लक्षात आलं, समोरच्या व्यक्तीबद्दल काही माहिती आहे का, तुमच्या चालू गोळ्या कुठल्या. डॉक्टर आणि काउन्सेलर पहिले प्रश्न हेच विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला शुक्रवार होता की शनिवार तेही धड आठवत नाही. पुढचे सगळे हिशोब या एका तारखेवरून होतात म्हणून ती पक्की हवी.

२. धोका खरंच होता का ते बघा

एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला स्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यातून. थुंकी, घाम, अश्रू यातून नाही. म्हणजे किस घेतला, मिठी मारली, एका ताटात जेवलो, त्याच टॉयलेटला गेलो, डास चावला, हस्तमैथुन करून दिलं, यासाठी टेस्टची गरज नाही. ओरल सेक्समध्ये धोका खूपच कमी असतो, तोंडात जखमा किंवा रक्त असेल तर थोडा वाढतो. कंडोम शेवटपर्यंत नीट राहिला असेल तर तुम्ही सुरक्षितच धरा.

विनाकंडोम योनीमार्गे किंवा गुदामार्गे संबंध आला असेल, किंवा सुई शेअर झाली असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे अंदाज असे आहेत, आणि हे समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे, उपचार घेत नाहीये आणि कंडोम नव्हता असं धरून: दर १०,००० वेळांमागे योनीमार्गे संबंधात पुरुषाला साधारण ४, बाईला ८, गुदामार्गे संबंधात करणाऱ्याला ११ आणि करवून घेणाऱ्याला १३८, सुई शेअर केली तर ६३. समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल किंवा दोघांपैकी कोणाला गुप्तांगावर फोड-जखमा असतील तर हे आकडे वर जातात.

आकडे बघून काही जणांना हायसं वाटतं आणि ते टेस्टच करत नाहीत, आणि काही जण त्या चारातला मीच असणार म्हणून आणखी घाबरतात. दोन्ही नको. धोका कमी आहे, शून्य नाही, म्हणून टेस्ट करायची, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक, समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे पण नियमित औषधं घेते आणि तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली आहे, तर तिच्याकडून संबंधातून लागण होत नाही. हे मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. घाबरायचं असेल तर ज्याला स्वतःचं स्टेटसच माहीत नाही त्याला घाबरा, औषध घेणाऱ्याला नाही.

३. ७२ तास झाले नसतील तर वाचन थांबवा आणि निघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि हाच बहुतेकांना माहीत नसतो. संबंध झाल्यावरही एचआयव्ही रोखणारी औषधं आहेत, त्याला पेप म्हणतात. ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत घेतलं तर सगळ्यात उत्तम. समजा ५ जानेवारीला रात्री ११ वाजता संबंध आला तर ८ जानेवारीला रात्री ११ला दार बंद होतं, त्यानंतर पेप सुरू करत नाहीत. म्हणून "उद्या रविवार आहे, सोमवारी बघू" असं करू नका. मोठ्या हॉस्पिटलचा अपघात विभाग रविवारीही चालू असतो.

कुठे जायचं? मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, पिंपरीला वायसीएम, नागपूरला मेडिकल किंवा मेयो, संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर, आणि बाकी जिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटल. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एआरटी सेंटर असतं, एचआयव्हीची औषधं तिथे मिळतात. दिवसा सरळ तिथे जा, रात्री असेल तर कॅज्युअल्टीत.

आता इथे एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवतो. सरकारी यंत्रणेतलं पेप मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी ठेवलेलं असतं, ज्यांना ड्युटीवर सुई टोचली असे दवाखान्यातले कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती. सहमतीने झालेल्या संबंधानंतर कुठे देतात, कुठे नाही म्हणतात, आणि कधीकधी ड्युटीवरच्या नवीन डॉक्टरलाच काय करायचं ते माहीत नसतं. अशा वेळी तिथे वाद घालत किंवा लाजून बाकावर बसून तास घालवू नका. खाजगी फिजिशियन, संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञ किंवा त्वचा व गुप्तरोगाचे एमडी डॉक्टर, यांच्याकडे जाऊन प्रिस्क्रिप्शन घ्या. बोलायचं वाक्य सोपं आहे: "मला अमुक तासांपूर्वी विनाकंडोम संबंधातून एचआयव्हीचा धोका झालाय, पेप सुरू करायचंय." एवढं स्पष्ट बोललं की काम भराभर होतं, "डॉक्टर थोडं पर्सनल होतं" म्हणून गोल गोल फिरत राहिलं की वेळ जातो.

भारतात पेपसाठी साधारणपणे टेनोफोविर ३००, लॅमिव्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० अशी तिन्ही मिळून एकच गोळी देतात, टीएलडी म्हणतात तिला, रोज एक, २८ दिवस. खाजगीत ३० गोळ्यांची बाटली मिळते. गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे बहुधा नसते, तो म्हणतो उद्या मागवून देतो, तर उद्यावर थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये विचारा. सुरू करण्याआधी एचआयव्ही टेस्ट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिपॅटायटिस बी आणि सी एवढं रक्त तपासतात, पण रिपोर्ट यायची वाट बघत पहिला डोस लांबवायचा नसतो.

आणि जर जबरदस्ती झाली असेल, तर सरकारी असो की खाजगी, कुठल्याही हॉस्पिटलला मोफत आणि ताबडतोब उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांत आधी जाऊन या असं सांगून परत पाठवता येत नाही.

बायकांसाठी अजून एक घड्याळ चालू असतं. गरोदरपण टाळायची इमर्जन्सी गोळीसुद्धा ७२ तासांच्या आतच घ्यायची असते आणि ती जितकी लवकर तितकी जास्त काम करते. पण ती एचआयव्ही अजिबात रोखत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

४. पेप चालू असताना

रोज ठराविक वेळी घ्या, मोबाईलला गजर लावा. पहिला आठवडा मळमळ, डोकं जड, झोप न लागणं, विचित्र स्वप्नं असं काहीही होऊ शकतं, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर लगेच घ्या पण दोन एकदम नको. बरं वाटतंय म्हणून दहाव्या दिवशी सोडून देणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका, २८ म्हणजे २८.

अॅसिडिटीच्या ज्या पातळ औषधात किंवा चघळायच्या गोळ्यांत मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम असतं ती डोल्युटेग्राविरसोबत घेतली तर औषध अंगात नीट शोषलं जात नाही. टीएलडी आधी घ्या आणि अॅसिडिटीचं दोन तासांनी, किंवा ते आधी घेतलं असेल तर मग सहा तास जाऊ द्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचंही असंच, फक्त त्या जेवणासोबत एकत्र चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, टीबीची औषधं चालू असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आधीच सांगा. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघालं तर २८ दिवसांनी गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बंद केल्यावर लिव्हरला त्रास होऊ शकतो.

५. टेस्ट कुठे करायची

माझं मत विचाराल तर आयसीटीसी. सरकारी हॉस्पिटलांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत असतं, पाटीवर एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असं लिहिलेलं आणि बाजूला लाल रिबिनीचं चित्र. टेस्ट फुकट असते. जवळचं कुठलं ते माहीत नसेल तर १०९७ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

सोबत काय न्यायचं:
- लिहून ठेवलेली तारीख आणि वेळ
- केसपेपर (खिडकीवर काढतात, काही ठिकाणी थोडे पैसे पडतात, सुट्टे ठेवा)
- आधीचा एखादा एचआयव्ही रिपोर्ट असेल तर तो
- चालू औषधांची यादी किंवा प्रिस्क्रिप्शन, पेप घेतलं असेल तर त्याचे कागद
- आपला स्वतःचा फोन नंबर, घरातल्या दुसऱ्याच्या हातात असतो तो नाही

केसपेपरच्या खिडकीवर "काय होतंय?" असं मोठ्याने विचारतात आणि मागे पंधरा माणसं उभी असतात, इथेच अर्धे लोक परत फिरतात. "आयसीटीसी, रूम कुठे आहे" एवढंच म्हणा. गरोदर बायका, टीबीचे पेशंट, ऑपरेशनला आलेले, सगळेच त्या खोलीत पाठवले जातात त्यामुळे तिथे बसलं म्हणून कोणी काही ठरवत नाही.

आत काउन्सेलर असतात, बहुतेक ठिकाणी मॅडम. दार लावून घेतात, नाव-वय-पत्ता रजिस्टरमध्ये लिहितात, मग विचारतात काय झालं. त्यांनी हे हजार वेळा ऐकलेलं असतं, खरं सांगा. तुम्ही "ब्लेडने कापलं म्हणून आलो" असं काहीतरी सांगितलं तर त्या तुम्हाला चुकीचे दिवस सांगतील, तोटा तुमचाच. मग संमती विचारून दंडातून रक्त घेतात आणि बहुतेकदा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो.

गुपित राहील का, हा सगळ्यांचा प्रश्न. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमचं स्टेटस इतरांना सांगता येत नाही. कंपनीला नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो, रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल, जोडीदाराला खरोखर धोका असेल आणि समजावूनही तुम्ही सांगतच नसाल, तर कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने, तुम्हाला कल्पना देऊन, डॉक्टर किंवा काउन्सेलर त्या जोडीदाराला कळवू शकतात. शेजाऱ्याला, आईवडिलांना, बॉसला नाही.

सरकारीत जायचंच नसेल तर खाजगी लॅब आहेत, घरी येऊन पण रक्त नेतात. फक्त रिपोर्ट कुठल्या ईमेलवर आणि कोणाच्या व्हॉट्सअॅपवर जाणार ते आधी बघा, बऱ्याच घरांत लॅबच्या अॅपवर सगळ्या कुटुंबाचं एकच खातं असतं.

६. कुठल्या दिवशी कुठली टेस्ट

लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. तिसऱ्या दिवशी केलेली टेस्ट फक्त एवढंच सांगते की त्या रात्रीच्या आधी तुम्ही निगेटिव्ह होता.

लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट (रिपोर्टवर कॉम्बो किंवा अँटिजेन-अँटिबॉडी, पी-२४ असं काहीतरी लिहिलेलं असतं) शिरेतल्या रक्तावर केली तर लागण १८ ते ४५ दिवसांत पकडते. रॅपिड अँटिबॉडी टेस्ट २३ ते ९० दिवसांत. आरएनए म्हणजे पीसीआर टेस्ट १० ते ३३ दिवसांत पकडते पण ती महाग आहे आणि साध्या काळजीपोटी करायची गरज नसते.

म्हणजे ५ जानेवारीचंच उदाहरण घ्या. लगेच एक बेसलाइन टेस्ट. फोर्थ जनरेशन १९ फेब्रुवारीला केली, निगेटिव्ह आली, तर प्रश्न मिटला. आयसीटीसीत रॅपिड असेल तर एक सहा आठवड्यांनी आणि शेवटची ५ एप्रिलनंतर. पेप घेतलं असेल तर मोजणी गोळ्या संपल्यापासून सुरू करायची, ६ जानेवारीला सुरू केलं तर शेवटची गोळी २ फेब्रुवारीला, तिथून ४५ दिवस म्हणजे १९ मार्च. पेपनंतर काही डॉक्टर तीन आणि सहा महिन्यांनाही बोलवतात, बोलावलं तर जा.

सीडी-४ टेस्ट (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) करू नका, ती एचआयव्ही आहे की नाही हे सांगतच नाही, तरी लोक पैसे भरून करतात. आणि फुकट टेस्ट होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन रक्त देणं हे तर अजिबात नको. विंडो पिरियडमधलं रक्त टेस्टमधून निसटू शकतं आणि ते कुणा थॅलेसेमियाच्या लेकराला किंवा बाळंतिणीला चढवलं जाऊ शकतं.

याच फेरीत सिफिलिस (व्हीडीआरएल), हिपॅटायटिस बी, सी पण तपासून घ्या. लघवीला जळजळ, पू, फोड असं काही असेल तर सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे औषधं फुकट मिळतात. खरं सांगायचं तर अशा एका संबंधातून एचआयव्हीपेक्षा हे आजार होण्याची शक्यता जास्त असते आणि आपण मात्र त्यांचा विचारच करत नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही विचारा.

७. रिपोर्ट कसा वाचायचा

नॉन रिअॅक्टिव्ह म्हणजे निगेटिव्ह. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण यावरून लोकांची झोप उडालेली मी बघितलीये. खाजगी लॅबच्या रिपोर्टवर एक आकडा असतो, ०.०८, ०.२१ असा, आणि बाजूला लिहिलेलं असतं १.०० पेक्षा कमी म्हणजे नॉन रिअॅक्टिव्ह. आता पहिल्या वेळी ०.०८ आला आणि दुसऱ्यांदा ०.२१, की माणूस म्हणतो विषाणू वाढतोय. तसं काही नसतं. तो मशीनच्या सिग्नलचा आकडा आहे, विषाणू मोजलेला नाही, दोन दिवशी दोन वेगळे येणारच. एकच्या खाली म्हणजे निगेटिव्ह, विषय संपला.

रिअॅक्टिव्ह आलं तर तेही लगेच पॉझिटिव्ह धरायचं नाही. एका टेस्टवर कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, सरकारी पद्धतीत वेगवेगळ्या तीन टेस्ट करून मगच ठरवतात. खाजगी लॅबचा रिअॅक्टिव्ह रिपोर्ट हातात असेल तर तो घेऊन आयसीटीसीत जा आणि पक्कं करून घ्या.

८. मधले दिवस

हेच सगळ्यात अवघड जातात. ताप आला, घसा दुखला, अंगावर पुरळ दिसलं की काळजाचं पाणी होतं. एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं दोन-चार आठवड्यांनी येऊ शकतात हे खरं आहे, पण ती हुबेहूब व्हायरल तापासारखी असतात आणि कितीतरी लोकांना काहीच होत नाही, त्यामुळे लक्षणं असणं आणि नसणं दोन्हीवरून काही कळत नाही. टेन्शननेही जुलाब होतात, वजन उतरतं, घाम फुटतो. आरशात जीभ बघणं आणि मानेच्या गाठी चाचपणं बंद करा, चाचपून चाचपूनच दुखायला लागतात.

शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत बायको किंवा जोडीदारासोबत कंडोम वापरा. काय कारण सांगायचं हा प्रश्न पडतो, "लघवीचं इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय" असं बरेच जण सांगतात. माझं मन म्हणतं की शक्य असेल तिथे खरं सांगावं, पण ज्याचं त्याचं घर असतं, निदान कंडोम तरी सोडू नका. बाळाला दूध पाजत असाल तर डॉक्टरांना आधी विचारा.

रेल्वे स्टेशनजवळच्या भिंतींवर जे "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" लिहिलेलं असतं तिथे पाय ठेवू नका. एचआयव्ही मुळातून घालवणारी पुडी किंवा काढा नाहीये. आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा, टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

योग्य दिवशीची टेस्ट निगेटिव्ह आल्यावरही जर दर महिन्याला पुन्हा टेस्ट करावीशी वाटत असेल तर आता त्रास रक्तात नाही, चिंतेचा आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, त्याने खरंच फरक पडतो.

९. पॉझिटिव्ह आलं तर

काउन्सेलर तुम्हाला एआरटी सेंटरला जोडून देतात. भारतात ही औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि २०१७ पासून सीडी-४ किती आहे ते न बघता निदान झाल्यावर लगेच उपचार सुरू करतात. बहुतेकांना रोज एक गोळी, तीच टीएलडी. वेळेवर सुरू केली आणि सोडली नाही तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच, लग्न होतं, औषधं नीट चालू असतील तर मूलही निगेटिव्ह होऊ शकतं. नोंदणीला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आयसीटीसीचा रिपोर्ट सोबत ठेवा. गावात ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरला नोंदणी करता येते का ते काउन्सेलरना विचारा, फक्त औषध सुरू करायला उशीर नको.

१०. पुन्हा अशी वेळ येणार असेल तर

कंडोम सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि ज्यांना वारंवार असा धोका येतो त्यांनी दरवेळी पेपच्या मागे धावण्यापेक्षा डॉक्टरांना प्रेपबद्दल विचारावं, यात आधीपासून रोज एक गोळी घ्यायची असते आणि नियमित घेतली तर एचआयव्हीपासून खूप चांगलं संरक्षण मिळतं. इतर गुप्तरोग मात्र ती अडवत नाही. सुरू करायच्या आधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि किडनीची तपासणी लागते, आणि चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी टेस्ट.